लाल आकाशाच्या अकरा काचा

डार्मश्टाटमधल्या त्या संग्रहालयाच्या तळघराला खिडकी नव्हती, म्हणून ते काम माझ्यापर्यंत आलं. इतर कोणाला तिथे दिवसभर बसायचं नव्हतं. मला चालणार होतं. नाशिकला सरकारी बांधकाम खात्याच्या आरेखन शाखेत मी नऊ वर्षं काढली होती. तिथे खिडकी होती, पण ती सायकल स्टँडवर उघडायची आणि उन्हाळ्यात तिच्यातून धुळीशिवाय काही यायचं नाही. त्यामुळे खिडकीचं मला फारसं कौतुक नव्हतं.

नवऱ्याला इथे गाड्यांच्या गिअरबॉक्सचं काम मिळालं आणि आम्ही आलो, तेव्हा मुलगी तीन वर्षांची होती. माझा डिप्लोमा, शाईच्या रेघा काढायचे माझे रोट्रिंग पेन, माझी नऊ वर्षं, यांतलं काहीही इथे कोणी विचारलं नाही. मी किंडरगार्टनमध्ये मदतनीस झाले, बेकरीत सकाळची पाळी केली, एका दंतवैद्याकडे फोन घेतले. मग मुलगी बारा वर्षांची झाली तेव्हा या संग्रहालयाची जाहिरात दिसली. जुन्या इमारतींची ड्रॉइंगं आणि फोटो जपणारी लहानशी खाजगी संस्था. त्यांना काचेच्या निगेटिव्ह स्कॅन करून त्यांची नोंद करणारी व्यक्ती हवी होती, दोन वर्षांच्या करारावर. मुलाखतीत विभागप्रमुख बाईंनी माझ्यासमोर एक फोटो ठेवला आणि विचारलं, यात काय दिसतं? मी कमानी मोजल्या, दगडाची लावणी सांगितली, आणि डावीकडचा कॉर्निस, भिंतीच्या माथ्याची पुढे आलेली पट्टी, नंतर दुरुस्त केलेला आहे असं म्हटलं. बाई म्हणाल्या, "गेनाऊ." अगदी बरोबर. मला काम मिळालं.

हे सगळं सांगायचं कारण, २०१४च्या उन्हाळ्यात तो करार कायमचा होणार होता. सप्टेंबरअखेर मुदत संपायची होती आणि जूनमधल्या एका मंगळवारी संस्थेच्या मंडळाची बैठक होती. कागद तयार होता. बाईंनी मला तो दाखवलाही होता. अकरा वर्षांनी माझ्या स्वतःच्या विद्येवर मिळालेली, न संपणारी नोकरी. आमच्या घरात कोणी तसं मोठ्याने बोललं नाही, पण सगळ्यांना त्या मंगळवारची तारीख पाठ होती.

काचा अमेरिकेतल्या होत्या. सिनसिनाटी नावाचं शहर, नदीकाठचं, जर्मन लोकांनी भरलेलं. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी इथला कोणी स्थापत्याचा प्राध्यापक तिकडे गेला होता आणि विद्यार्थ्यांना दाखवण्यासाठी तिथल्या एका छायाचित्रकाराकडून पेट्याच्या पेट्या काचा घेऊन आला होता. नगरभवन, न्यायालय, टपाल कचेरी, ग्रंथालय. सगळं भव्य. दगडी जिने, ज्यांच्या एका पायरीवर आमची अख्खी आरेखन शाखा बसली असती. घड्याळाचा मनोरा. ग्रंथालयाच्या लोखंडी गॅलऱ्या, एकावर एक पाच मजले, आणि खाली इवल्याशा खुर्च्या. मी ते तास न् तास पाहत असे. भारावून वगैरे नाही. मला हे लोक पावसाचं पाणी कुठून उतरवतात ते बघायचं असायचं. एवढ्या मोठ्या छपराला पन्हळ कुठे आहे? बहुतेक ठिकाणी ते पाणी भिंतीच्या आत घेतलेलं होतं. अशा भिंती आमच्याकडे तीन पावसाळ्यांत ओल धरतात.

काचेच्या निगेटिव्हला दोन बाजू असतात. एका बाजूला ज्यात चित्र असतं तो नाजूक थर, दुसरी बाजू नुसती गुळगुळीत काच. थराला हात लावायचा नाही, ही पहिल्या दिवशीची सूचना. काचेच्या बाजूवरची धूळ मऊ ब्रशने झटकायची, बोटांचे ठसे असतील तर ओल्या कापसाने टिपायचे. ही दुसरी सूचना. मी दोन्ही पाळल्या. दुसरी जरा पुढे नेली, एवढंच.

तिसऱ्या पेटीतल्या काही काचांवर काचेच्या बाजूला लालसर तपकिरी काहीतरी बसलं होतं. पेटीचे खिळे गंजलेले, तळाला कधीकाळी पाणी शिरलेलं. तो थर भेगाळला होता, कडेने पापुद्रे सुटले होते, कुठे कुठे त्यावर पांढरी बुरशीही होती. मी ओला कापूस लावला. कापूस लाल झाला आणि खाली स्वच्छ काच दिसली. जे कापसाने निघालं नाही ते मी ब्लेडने काढलं.

हे ब्लेडचं सांगायला हवं. आमच्या काळी ट्रेसिंग पेपरवर शाईची रेघ चुकली तर ती खोडायला रबर नसायचं. दाढीचं ब्लेड मधोमध मोडायचं, अर्धं बोटांत धरायचं आणि शाई तेवढी खरवडायची. कागद फाटता कामा नये, खडबडीत होता कामा नये, नाहीतर त्यावर नवी रेघ फुटते. हे सहा महिन्यांत शिकतात आणि सहा वर्षांत जमतं. मला जमत होतं. शाखेतले वरिष्ठ त्यांच्या चुका खोडायला माझ्या टेबलावर आणून टाकायचे. इथे आल्यापासून त्या हाताला काही काम नव्हतं, आणि आता ते मिळालं होतं. एका काचेला पाऊण तास. अकरा काचा झाल्या. एकही ओरखडा नाही. मी खूश होते.

स्कॅन उत्तम आले. नगरभवनाच्या मनोऱ्यामागे एकामागे एक धुराडी होती, त्यांचा धूर एका बाजूला वाकलेला. तारांचं जाळं होतं. न्यायालयाच्या डाव्या अंगाला, दगडी भिंतीला जवळजवळ टेकून, फळकुटांच्या चार झोपड्या होत्या, आणि त्यांच्यासमोर एक दोरी आणि दोरीवर चादरी घालणारी एक बाई. तिचा चेहरा हलला होता, हात स्पष्ट होते.

विभागप्रमुख बाईंना ते स्कॅन पाहून एका जागी राहवेना. त्या साठीच्या, सायकलवर येणाऱ्या, कामाशिवाय न बोलणाऱ्या. पण त्या दिवशी त्या दोनदा तळघरात आल्या. त्या काळचे इतर छायाचित्रकार अशा इमारती एकट्या, रिकाम्या आकाशासमोर दाखवत. आजूबाजूची गरिबी आणि धूर लपवत. हा मात्र लपवत नव्हता, असं त्यांचं म्हणणं झालं. जुलैत प्रदर्शन होतं. त्यासाठी पुस्तिका निघणार होती आणि बाईंनी तिचा मुख्य लेख याच मुद्द्यावर उभा केला. मंडळाच्या लोकांना त्यांनी त्यातला एक परिच्छेद मोठ्याने वाचून दाखवला, असं मला स्वागतकक्षातल्या माणसाने सांगितलं. लोकांना फार आवडला म्हणे.

बैठकीच्या आदल्या बुधवारी मी ती तिसरी पेटी पूर्ण रिकामी केली, कारण तिचा तळ बदलायचा होता. तळाशी, ओलीने फुगलेल्या पुठ्ठ्याखाली, एक पातळ आल्बम होता. त्याच छायाचित्रकाराने त्याच काचांवरून छापलेल्या प्रती. मी तो टेबलावर उघडला. नगरभवन. मनोरा, घड्याळ, आणि मागे पांढरं, कोरं आकाश. एकही धुराडं नाही. पान उलटलं. न्यायालय. डावीकडे काहीच नाही, फक्त धुकट पांढरी मोकळी जागा. झोपड्या नाहीत, दोरी नाही.

कळायला मला फार वेळ लागला नाही. काचेवर जिथे रंग लावला तिथून उजेड जात नाही, आणि छापलेल्या कागदावर ती जागा पांढरी राहते. त्या माणसाने बारीक ब्रश घेऊन मनोऱ्याच्या कडेकडेने लाल रंग भरला होता. प्रत्येक कमानीच्या, प्रत्येक पुतळ्याच्या कडेने, न चुकता. कित्येक तासांचं काम असणार. एका आरेखकाचं काम दुसरीने खरवडून काढलं होतं आणि वर ती स्वतःवर खूश झाली होती.

मी आल्बम मिटला. जेवणाचा डबा उघडला नाही. वर गेले, अंगणात गेले, परत खाली आले. त्या दिवशी मी तळघराचा जिना किती वेळा चढले ते कोणी पाहिलं असतं तर मला बरं नाही असं वाटलं असतं. डोक्यात एकच गणित चालू होतं. मंगळवारी सही. त्यानंतरच्या शुक्रवारी पुस्तिका छापायला जाणार. मध्ये दोन दिवस.

घरी आले तेव्हा नवरा बाल्कनीत मुलीच्या सायकलची ट्यूब बदलत होता. सासूबाई एप्रिलपासून आमच्याकडे आल्या होत्या, तीन महिन्यांच्या व्हिसावर. त्या तिथेच खुर्चीवर मेथी निवडत होत्या. मेथी त्यांना फ्रांकफुर्टच्या दुकानातून आणून द्यावी लागायची, आणि आणली की तिच्या जाड देठांवरून बोलणी खावी लागायची.

"अहो, माझ्याकडून घोळ झालाय," मी म्हटलं.

"कसला? फाइल उडाली?"

"फाइल नाही, काच."

"फुटली?"

"फुटली असती तर बरं. फुटलेली निदान दिसते."

मी सगळं सांगितलं. तो ट्यूब हातात धरून ऐकत होता. इंजिनिअर माणूस, त्याने लगेच उपाय शोधायला घेतला.

"म्हणजे मूळ चित्र शाबूत आहे. तू फक्त वरचा थर काढलास. उलट जास्त माहिती मिळाली की."

"तो थरही मूळचाच होता."

"बरं. मंगळवारी सही आहे ना?"

"हो."

"आणि छपाई शुक्रवारी?"

"हो."

"मग बुधवारी सांग. विषय संपला."

हे गणित मी सकाळपासून चार वेळा सोडवलं होतं आणि दर वेळी उत्तर हेच आलं होतं. तरी त्याच्या तोंडून ते ऐकल्यावर मला त्याचा राग आला. मी आत जाऊन कुकर लावला. लावला आणि शिट्टी ठेवायची विसरले.

बाल्कनीतून सासूबाईंचा आवाज आला, "काय पुसलं म्हणे हिने?"

"आई, जुन्या फोटोंच्या काचेवरचा रंग होता," मी आतूनच सांगितलं.

"मी तुला लग्नानंतर पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं. देव्हाऱ्यातली तसबीर ओल्या फडक्याने पुसू नकोस. ऐकलंस? दत्ताच्या पायाचा रंग गेला."

नवरा हसायला लागला. "आई, जत्रेतली तसबीर ती. एका पावसातही गेला असता रंग."

"पावसात गेला नाही ना? हिने पुसल्यावर गेला." मग जरा थांबून, "आणि तू काय हसतोस? तुला गिअर सोडून काय कळतं?"

मुलगी तिच्या खोलीच्या दारात उभी राहून ऐकत होती. मराठी तिला सगळं कळतं, उत्तर ती जर्मनमध्येच देते. "आज्जी हाट रेश्ट," ती म्हणाली. आज्जीचं बरोबर आहे. आणि दार लावून घेतलं.

गुरुवार, शुक्रवार मी कामावर गेले. बाई एकदा खाली आल्या आणि लेखातल्या बांधकामाच्या शब्दांवरून नजर फिरवा म्हणून पानं देऊन गेल्या. मी वाचलं. चांगलं लिहिलं होतं. तो माणूस किती प्रामाणिक होता, त्याने बघणाऱ्यापासून शहर लपवलं नाही, असं तीन-चार ठिकाणी होतं. मी कॉर्निस आणि पॅरापेट, म्हणजे छपराचा कठडा, यांतला एक गोंधळ दुरुस्त केला आणि पानं परत दिली. बाई म्हणाल्या, "तुम्ही नसता तर हे प्रदर्शन झालंच नसतं." मी म्हटलं, "बिट्टे." आभार मानल्यावर इथे म्हणतात ते. दुसरं काय म्हणणार?

शनिवार-रविवारी मला घरात बसवेना. शनिवारी मी ट्रामने गावात गेले, काही न घेता परत आले, पुन्हा गेले, कारण दूध आणायचं राहिलं होतं. रविवारी सासूबाईंना माथिल्डनहोहेच्या टेकडीवर फिरायला नेलं. त्या बाकावर बसल्या आणि मी त्यांच्याभोवती चकरा मारल्या.

"बस की जरा," त्या म्हणाल्या. "मला गरगरायला लागलं तुझ्याकडे बघून."

"आई, तुम्ही बसा. मला नको."

"नोकरी जाईल म्हणून घाबरतेस?"

"हो."

"मग सांगू नकोस."

"अहो पण तो लेख सगळा चुकीचा छापला जाईल. त्या बाईंच्या नावाने."

"त्या बाईंचं नाव ना? तुझं नाही ना?"

मी आणखी एक चक्कर मारली. त्यांना चिडवायचं नव्हतं आणि पटवायचंही नव्हतं. त्यांनी चाळीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत काढली होती. वरिष्ठांच्या नावाने काय काय चुकीचं छापलं जातं ते त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं.

पण माझं नाव होतंच. प्रत्येक काचेचं एक नोंदपत्रक असायचं आणि त्यावर माझी सही. नाशिकला ड्रॉइंगच्या कोपऱ्यात चौकट असायची: काढले, तपासले, मंजूर. 'काढले'समोर माझी आद्याक्षरं. वरच्यांनी न बघता सह्या केल्या तर तो त्यांचा प्रश्न. पण 'काढले' चुकीचं असेल तर ठेकेदार फोन मला करायचा. एकदा एका शाळेच्या जिन्याला मी एक पायरी कमी दाखवली होती आणि ती शाळा पायरी कमी घेऊनच उभी राहिली. अजून तिथली मुलं शेवटची पायरी उडी मारून उतरत असतील. तेव्हा मी गप्प बसले होते. चोवीस वर्षांची होते, नवीन होते, कोणी विचारलं नाही. मी त्याबद्दल रडत वगैरे बसले नाही कधी, पण तो जिना मला कुठल्याही जिन्यावर आठवतो, आणि जिने तर रोजच येतात.

सोमवारी सकाळी मी आल्बम आणि दोन स्कॅन घेऊन बाईंच्या खोलीत गेले.

"बसा," त्या म्हणाल्या.

"उभीच बरी आहे."

मी न्यायालयाचं आल्बममधलं पान उघडून ठेवलं आणि शेजारी माझा स्कॅन. त्यांनी चष्मा बदलला. एकाकडून दुसऱ्याकडे पाहिलं, परत पहिल्याकडे. त्या हुशार बाई होत्या, मला फार बोलावं लागलं नाही.

"काचेवर रंग होता?"

"हो. मला तो गंज वाटला. मी काढला."

"कशाने?"

"ओल्या कापसाने. आणि ब्लेडने."

"ब्लेडने!" त्यांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले. "किती काचा?"

"अकरा."

"हा आल्बम कधी मिळाला?"

"बुधवारी."

"आज सोमवार आहे."

"हो."

"मधले दिवस?"

या प्रश्नाची तयारी मी केली नव्हती. बाकी सगळ्यांची केली होती, जर्मनमध्ये, वाक्यं पाठ करून. "मधले दिवस मी उद्याच्या सहीनंतर सांगावं का याचा विचार करत होते," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने पाहिलं की कसं, ते मला आजही सांगता येणार नाही. मग त्या उठल्या आणि म्हणाल्या, "आल्झो, तर मग. चला खाली."

तळघरात त्यांनी अकराही काचा एकेक करून दिव्यासमोर धरल्या. भिंग लावून बघितल्या. एका काचेच्या कोपऱ्यात नखाएवढा लाल ठिपका राहिला होता. तिथे त्या बराच वेळ थांबल्या.

"एकही ओरखडा नाही," त्या शेवटी म्हणाल्या. "तुमचा हात चांगला आहे. दुर्दैवाने." आणि मग, माझ्याकडे न बघता, "मी तो परिच्छेद सगळ्या मंडळासमोर वाचला. एक म्हातारे गृहस्थ डोळे पुसत होते."

मी काच परत पाकिटात ठेवली. त्यांना काचांपेक्षा त्या परिच्छेदाचं जास्त लागलं होतं, आणि मला ते समजत होतं.

दुपारभर बसून मी नुकसानीचा अहवाल लिहिला, प्रत्येक काचेला एक पान. कोणत्या दिवशी, कोणत्या भागावर, कशाने. पहिल्या पानावर मी लिहिलं होतं: काचेची बाजू स्वच्छ केली. बाईंनी ते खोडलं आणि वर लिहिलं: मूळ रंगलेपन काढून टाकलं. "तुम्ही काही स्वच्छ केलं नाहीत," त्या म्हणाल्या. उरलेली दहा पानं मी तशीच लिहिली. सही केली. अकरा सह्या.

मंगळवारी बैठक दहाला होती. मी खाली रिकामी पाकिटं आकाराप्रमाणे लावली, मग ती परत मिसळली आणि नंबराप्रमाणे लावली. साडेबाराला बाई जिना उतरल्या. त्या नेहमी कठड्याला न धरता उतरत. त्या दिवशी धरून उतरल्या, म्हणून मला आधीच कळलं.

"नाही म्हणाले," त्यांनी सांगितलं. "सप्टेंबरपर्यंत करार आहे तो तसाच राहील. पुढे नाही."

"बरं."

"मी तुमच्या बाजूने बोलले. पण फार जोर लावला नाही. तुमच्याशी खोटं बोलणार नाही."

"उरलेल्या पेट्या कोण करणार सप्टेंबरपर्यंत?"

"तुम्हीच. आता तुमच्याइतकं सांभाळून कोण करेल?"

त्यांनी हे टोमण्याने म्हटलं नव्हतं. मी पुढची काच काढली.

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "मी बुधवार म्हणालो होतो." मी म्हटलं, "हो, म्हणाला होतात." त्यावर त्याने भांडी घासली, सगळी, कढईसकट. एरवी तो कढई भिजत ठेवून जातो.

लेख बाईंनी दोन दिवसांत नव्याने लिहिला. पुस्तिका उशिरा छापली गेली. प्रदर्शनात आल्बममधलं न्यायालय आणि माझ्या स्कॅनमधलं न्यायालय शेजारी शेजारी टांगलं, माणसाच्या उंचीएवढं. खाली लिहिलं होतं की छायाचित्रकाराने परिसर रंगाने झाकला होता आणि हा रंग अलीकडे, चुकून, काढला गेला. कोणी काढला ते नव्हतं. लोक तिथेच जास्त थांबायचे. मला ते आवडलं नाही. माझ्या चुकीसमोर गर्दी जमलेली बघणं काही सुखाचं नसतं. सासूबाईंना परत जायच्या आधी मी प्रदर्शन दाखवायला नेलं. त्या दोन्ही चित्रांसमोर पिशवी सांभाळत उभ्या राहिल्या.

"कोर्ट आहे हे?"

"हो, आई."

"आमचं सिन्नरचं कोर्ट बरं. आत जायला भीती तरी वाटत नाही." मग उजवीकडच्या चित्राजवळ गेल्या. "चादरी वाईट घातल्यात हिने. टोकं जमिनीला लागतायत." आणि पुढे गेल्या.

उन्हाळ्यात मी उरलेल्या पेट्या केल्या. त्यांतल्या बऱ्याच काचांवर लाल रंग होता. आता मी प्रत्येकीचा आधी रंगासकट, समोरून उजेड टाकून फोटो घ्यायचे, मग नेहमीचा स्कॅन. वेळ दुप्पट लागायचा. काचेपाशी बसले की हात शिवशिवायचे, म्हणून मी ब्लेडं घरी आणून ठेवली होती. शांतता मात्र आली नाही. सकाळी ट्राममध्ये नोकरीच्या जाहिराती वाचायच्या, दुपारी अर्ज भरायचे, संध्याकाळी नकार उघडायचे. तीन ठिकाणी बोलावलं, तिन्ही ठिकाणी विचारलं, आधीचं काम का संपतंय? मी म्हणायचे, मुदत संपतेय. ते मान डोलवायचे आणि पुढे कळवायचे नाहीत.

शेवटच्या आठवड्यात बाईंनी मला वर बोलावलं. इथे नोकरी सोडताना प्रशस्तिपत्र मिळतं, आणि ते फार जपून लिहिलेलं असतं. त्यात चुका लिहीत नाहीत. वाचणारा प्रत्येक शब्द तोलून बघतो. बाईंनी मसुदा माझ्यासमोर ठेवला. पान भरून कौतुक होतं, बांधकामाचं ज्ञान, अचूक हात, वक्तशीरपणा. शेवटून दुसरं वाक्य असं होतं की एक गंभीर चूक स्वतःच्या लक्षात येताच, नुकसान होईल हे माहीत असूनही, यांनी ती स्वतःहून सांगितली.

"लक्षात येताच नाही," मी म्हटलं. "पाच दिवसांनी."

"ते मला माहीत आहे." त्यांनी पेन खाली ठेवलं. "हे वाक्य मला ठेवायचं आहे. पण तुम्ही ठरवा. काही जणांना ते आवडेल. बहुतेकांना फक्त 'गंभीर चूक' एवढंच दिसेल."

मी ते पुन्हा वाचलं. खुर्चीतून उठले, खिडकीपर्यंत गेले, त्या खोलीला खिडकी होती. खाली अंगणात कोणीतरी त्यांच्या सायकलला टेकवून आपली सायकल लावत होतं. मला सत्तेचाळीस वर्षं पूर्ण होत होती. मुलगी चौदाची. समोर ऑक्टोबर रिकामा होता. त्या वाक्यासारखं माझ्याबद्दल याआधी कोणी काही लिहिलं नव्हतं आणि पुढे लिहील असंही वाटत नव्हतं.

"काढा," मी म्हटलं.

"नक्की?"

"मला काम हवंय. काढा. आत्ताच काढा, मी थांबते."

त्यांनी माझ्यासमोर संगणकावर ते वाक्य निवडलं आणि कळ दाबली. खालचं वाक्य वर सरकलं. छापलेला कागद त्यांनी सही-शिक्क्यासह माझ्या हातात दिला आणि आम्ही हात मिळवले. जाताना मी जिन्यावर दोनदा थांबले, पण परत वर गेले नाही.

त्या कागदावर मला नोव्हेंबरमध्ये एका इंजिनिअरिंग कचेरीत काम मिळालं. गरम पाण्याच्या पाइपांची ड्रॉइंगं, एका वर्षाच्या करारावर. मुलाखत घेणाऱ्याने प्रशस्तिपत्र वाचलं, मान हलवली आणि विचारलं, सोमवारपासून येता का? मी म्हटलं, उद्यापासून येते.